ढीग जेवढा, आग तेवढी

30 जून 2013 ची रात्र. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविक या औद्योगिक वस्तीत एका पुनर्प्रक्रिया कंपनीच्या आवारात प्लास्टिकचे आणि कागदाचे गठ्ठे रचून ठेवलेले होते. तिथल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रीकरणात अंधारातून उजेडाचा एक ठिपका हलकेच खाली येताना दिसतो. कुणीतरी हौसेने आकाशात सोडलेला तो कागदी कंदील होता. कंदील गठ्ठ्यांवर टेकला आणि बघता बघता आगीचा डोंब उसळला. सुमारे 1 लाख टन माल त्या आगीच्या तावडीत सापडला. ती विझवण्यासाठी 200 हून अधिक जवान लागले, धुराचा लोट 6,000 फुटांपर्यंत चढला आणि नुकसानीचा अंदाज 60 लाख पौंडांच्या घरात गेला.

या घटनेनंतर ब्रिटनमध्ये आकाशकंदिलांवर बंदीची मागणी झाली. मुंबई पोलीसही दिवाळीच्या सुमारास असे उडते कंदील सोडण्यास मनाई करणारे आदेश काढत आले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण कंदील हे त्या आगीचे फक्त निमित्त होते. तो आला नसता तर कधीतरी एखादी विडी आली असती, एखादी तार तापली असती किंवा यंत्राचे एखादे बेअरिंग. ठिणगी कुठून ना कुठून येतेच. ती आल्यावर एक कोपरा जळणार की अख्खे आवार, हे मात्र आधीच ठरलेले असते. माल किती उंच रचला आहे, दोन ढिगांमध्ये किती जागा सोडली आहे आणि जवळ पाणी किती आहे, यावर ते ठरते.

कचरा वर्गीकरण केंद्रे, रद्दीची गोदामे, पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधणारे गाळे आणि रद्दीपासून कागद बनवणाऱ्या गिरण्या, या साऱ्या ठिकाणी धंदाच जळाऊ मालाचा असतो. लाकडाच्या वखारीत किंवा कापसाच्या जिनिंगमध्येही तो असतो, पण तिथे आलेला माल काय आहे हे मालकाला ठाऊक असते. वर्गीकरण केंद्रात गाडी रिकामी होते तेव्हा तिच्या पोटातून काय बाहेर पडेल, हे कुणीच सांगू शकत नाही. हजारो घरांनी आपापल्या डब्यात टाकलेल्या वस्तूंचा तो सगळा मेळ असतो.

आतल्या आत धुमसणारा गठ्ठा

सुटा कागद साधारण 230 अंश सेल्सियसच्या आसपास पेट घेतो. कागदाची जाडी नगण्य आणि पृष्ठभाग मोठा, त्यामुळे त्याला सगळीकडून हवा मिळते आणि तो भडकून जळतो. जळती पाने वाऱ्यावर उडतात आणि पलीकडच्या ढिगावर जाऊन पडतात. सुट्या रद्दीच्या ढिगावर आग पसरायला काही मिनिटे पुरतात ती यामुळेच.

दाबून बांधलेल्या गठ्ठ्याची रीत वेगळी. यंत्राने आवळलेल्या गठ्ठ्यात हवा कमी असते, म्हणून तो एकदम भडकत नाही. पण वरून पेटला की विस्तव हळूहळू पानापानांमधून आत शिरतो आणि राखेखालच्या गोवरीसारखा धुमसत राहतो. अशा वेळी बाहेर ज्वाळा नसते, कधी धूरही जेमतेम असतो. अर्धवट ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद गोदामात तो माणसाला शुद्ध हरपेपर्यंत कळत नाही.

पाणी मारले तरी ते दाबलेल्या कागदात सहज झिरपत नाही. वरचे थर भिजतात, मधला विस्तव कोरडाच राहतो. त्यामुळे अग्निशमन दलाला गठ्ठे एकेक करून उचलावे लागतात, फोडावे लागतात, पसरावे लागतात आणि मग भिजवावे लागतात. जेसीबी किंवा पोकलेन नसेल तर हे काम पुढे सरकतच नाही. आग ‘आटोक्यात’ आल्याची बातमी छापून आल्यानंतरही बंब आणखी दोन-तीन दिवस तिथेच उभे दिसतात, त्याचे कारण हे आहे.

भिजलेल्या कागदाचा आणखी एक धोका असतो. पाणी शोषून गठ्ठे फुगतात आणि जड होतात. भिंतीला चिकटून रचलेले असतील तर फुगताना ते भिंतीला बाहेर रेटतात. वरच्या मजल्यावर साठवलेले असतील तर स्लॅबवरचा भार कितीतरी वाढतो. आधीच आगीने कमकुवत झालेली इमारत अशा वेळी कोसळू शकते, आणि त्या क्षणी आत असतात ते आग विझवणारे जवान. म्हणूनच भिंत आणि माल यांच्यात मोकळी जागा सोडायची असते. ती माल तपासण्यासाठी लागते आणि गठ्ठ्यांना फुगायलाही लागते.

ठिणगीच्या अनेक वाटा

वर्गीकरण केंद्रात आग लागण्याची जुनी कारणे कोणत्याही कारखान्यासारखीच आहेत. वायरिंग जुनाट असते आणि तिच्यावर नवनवी यंत्रे चढवली जातात. कन्व्हेयरच्या रोलरला चिंध्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळल्या जातात, घर्षणाने बेअरिंग तापते आणि शेजारीच कागदाची बारीक धूळ साचलेली असते. लोडरच्या तापलेल्या सायलेन्सरवर कागदाचा कपटा अडकतो. पत्र्याची दुरुस्ती म्हणून वेल्डिंग होते, कारागीर काम संपवून निघून जातो, आणि फटीत पडलेली ठिणगी दोन तासांनी जागी होते. भंगाराच्या गाळ्यात गॅस कटरने लोखंड कापणे आणि दहा पावलांवर पुठ्ठा साठवणे हे एकाच छपराखाली चालते.

काही वेळा आग गाडीतूनच येते. घरातल्या उदबत्तीची राख, शेकोटीतले निखारे, हॉटेलच्या भट्टीतली राख कचऱ्यात पडते आणि गाडीत धुमसत केंद्रापर्यंत पोचते. अनुभवी मुकादम धूर किंवा वास आला की गाडी ढिगावर रिकामी होऊ देत नाही, ती बाजूच्या मोकळ्या जागेवर घेतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या यादीत एक नवे कारण आले आणि ते झपाट्याने वर चढले. ते म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. मोबाइल, पॉवर बँक, कानात घालायचे वायरलेस इअरबड, ट्रिमर, चार्जिंगची खेळणी, इमर्जन्सी दिवे यांत ती असते. या बॅटरीत धन आणि ऋण थरांना अलग ठेवणारा पडदा माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. गाडीच्या दाबयंत्राखाली, लोडरच्या चाकाखाली किंवा गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रात ती चिरडली की पडदा फाटतो आणि आत शॉर्ट सर्किट होते. उष्णता वाढते, वाढलेल्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया आणखी वेग घेतात, त्यातून आणखी उष्णता निघते. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे अवघड असते. आतला द्राव ज्वालाग्राही असतो, त्याची वाफ जोराने बाहेर पडते आणि पेटते. कधी हे काही सेकंदांत घडते, कधी ठेचलेली बॅटरी काही तास गप्प पडून राहते आणि केंद्र बंद झाल्यावर रात्री पेट घेते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात 2013 ते 2020 या काळात 64 कचरा केंद्रांवर लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे लागलेल्या किंवा लागल्याचा संशय असलेल्या 245 आगींची नोंद आहे. ब्रिटनमध्ये 2024 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत कचरागाड्या आणि कचरा केंद्रे मिळून वर्षभरात बॅटऱ्यांमुळे 1,200 हून अधिक आगी लागल्याचे दिसले. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथले सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण केंद्र 26 डिसेंबर 2022 रोजी आगीत नष्ट झाले आणि कचऱ्यात टाकलेल्या बॅटऱ्या हे त्याचे कारण सांगितले गेले. त्यानंतर त्या शहराला आपला सुका कचरा वर्गीकरणासाठी इतर राज्यांत पाठवावा लागला. मिश्र कचऱ्यात पडलेल्या बॅटरीमुळे अख्ख्या राजधानीची पुनर्प्रक्रियेची व्यवस्था ठप्प होऊ शकते, हे तिथे सगळ्यांनी पाहिले.

भाव पडला की ढीग वाढतो

ढीग मोठा का होतो, याचे उत्तर बहुतेकदा बाजारात असते. रद्दी हा माल आहे आणि त्याला रोजचा भाव आहे. भाव पडला की गोदामवाला विकायचे थांबतो आणि चार पैसे वर येतील म्हणून माल साठवतो. गिरणीने खरेदी थांबवली तर त्याच्यापुढे दुसरा मार्गही नसतो. घरोघरची आवक मात्र थांबत नाही. आधी गोदाम भरते, मग दोन ढिगांमधली वाट भरते, मग दरवाज्यासमोरची जागा. आगीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची मोकळी जागा अशी सर्वांत आधी नाहीशी होते.

मेलबर्नजवळच्या कूलारू इथे 13 जुलै 2017 रोजी एका मोठ्या पुनर्प्रक्रिया केंद्रात कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिकच्या ढिगांना आग लागली. त्या जागेवर त्यापूर्वीही आगी लागल्या होत्या. ही आग पूर्ण विझायला दहा दिवसांहून अधिक काळ गेला आणि शेजारच्या शंभराहून अधिक घरांतल्या लोकांना घर सोडायला सांगावे लागले. व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने लगेच पुढच्या महिन्यात जळाऊ कचऱ्याच्या साठ्यावर बंधने घालणारे धोरण आणले आणि केंद्रांची तपासणी सुरू केली.

त्याच जुलै महिन्यात चीनने आपण मिश्र कागद आणि टाकाऊ प्लास्टिक आयात करणार नसल्याचे जागतिक व्यापार संघटनेला कळवले. 2018 पासून ती बंदी अमलात आली. तोवर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातली रद्दी जहाजे भरभरून चीनला जात होती. ती वाट बंद झाली, भाव कोसळले आणि अनेक देशांत गठ्ठ्यांच्या भिंती उंच होत गेल्या. जगाच्या एका कोपऱ्यातल्या व्यापारी निर्णयाने दुसऱ्या कोपऱ्यातल्या गोदामातला आगीचा धोका वाढतो, तो या मार्गाने. म्हणून साठ्याची कमाल मर्यादा भावावर सोडता येत नाही. ती आधी ठरवावी लागते, आणि ती गाठली की नवी गाडी आत घ्यायची नाही, हे सांगण्याचा अधिकार केंद्रावरच्या माणसाला असावा लागतो.

चार मीटर, सहा मीटर, चार तास

स्मेथविकसारख्या आगींनंतर ब्रिटनने या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. कचरा उद्योग, अग्निशमन दले आणि पर्यावरण खाते यांनी मिळून खरेखुरे ढीग पेटवून पाहिले. कोणता माल किती वेगाने जळतो, उष्णता किती अंतरापर्यंत पोचते, पाणी मारल्यावर काय होते, हे मोजले. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने आखलेले नियम आज अशा केंद्रांना परवान्यासाठी पाळावे लागतात. त्यांचे सूत्र साधे आहे: आग लागण्याची शक्यता कमी करा, लागलीच तर ती पसरू देऊ नका आणि चार तासांत विझेल अशी तयारी ठेवा.

चार तासांत विझवायची तर ढिगाला मर्यादा हवी. म्हणून उंची 4 मीटरपेक्षा जास्त नको, लांबी किंवा रुंदी 20 मीटरच्या पुढे नको. दोन ढिगांमध्ये, तसेच ढीग आणि इमारत यांच्यामध्ये 6 मीटर मोकळी जागा हवी. ती सोडणे अशक्य असेल तर मध्ये आगीला तोंड देईल अशी भिंत हवी. याशिवाय एक राखीव जागा कायम रिकामी ठेवायची. जळणारा किंवा अजून न पेटलेला माल लोडरने उचलून तिथे नेता यावा म्हणून ती असते. तिथे सर्वांत मोठ्या ढिगाच्या निम्मा माल तरी मावला पाहिजे. आणि माल महिनोन्‌महिने पडून राहू द्यायचा नाही, जो आधी आला तो आधी बाहेर गेला पाहिजे.

पाण्याचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. 300 घनमीटरच्या ढिगासाठी मिनिटाला किमान 2,000 लिटर पाणी सलग तीन तास मिळाले पाहिजे, असे हा नियम सांगतो. 300 घनमीटर म्हणजे 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच. आपल्याकडच्या मध्यम गोदामात एवढा माल सहज असतो. त्याला 3 लाख 60 हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे 10,000 लिटरचे 36 टँकर. अरुंद गल्लीतून, बघ्यांच्या गर्दीतून, एकामागून एक 36 टँकर आत यायला हवेत आणि एकही उशिरा पोचायला नको. हे गणित एकदा मांडले की पाण्याची साठवण आवारातच का हवी आणि ढीग लहान का हवा, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मारलेले पाणी कुठे जाते हाही प्रश्न असतो. जळक्या प्लास्टिकची, शाईची, बॅटऱ्यांची विषारी द्रव्ये घेऊन ते नाल्यात उतरते आणि पुढे नदीत. म्हणून ते आवारातच अडवण्याची सोय नव्या केंद्रांकडून मागितली जाते.

वरच्या मजल्यावर झोपलेली माणसे

23 मार्च 2022. सिकंदराबादमधील भोईगुडा भागातल्या भंगाराच्या गोदामाला पहाटेपूर्वी आग लागली. खाली जुने कागद, बाटल्या, वायरी असा माल होता. वरच्या मजल्यावर बिहारहून आलेले 12 कामगार झोपलेले होते. उतरायला एकच जिना होता आणि तो खालच्या जळत्या गोदामातच उघडत होता. 11 जण वरच मृत्युमुखी पडले. एकाने बाहेर उडी घेतली, तो वाचला.

भारतातल्या भंगार आणि रद्दी व्यवसायाच्या आगींची चर्चा परदेशी नियमांच्या भाषेत पुरी होत नाही, ती इथे अडते. इंग्लंडच्या नियमावलीत ढीग, अंतर आणि पाणी यांचा बारीक विचार आहे, कारण तिथे केंद्रात रात्री कुणी राहत नाही. आपल्याकडे गाळा हेच कामगाराचे घर असते. शहरात खोलीचे भाडे परवडत नाही, मालालाही राखणदार मिळतो, म्हणून मालक आणि कामगार दोघांनाही ही सोय वाटते. मालावर पोटमाळा घालून तिथे अंथरूण पसरले जाते, कोपऱ्यात स्टोव्ह किंवा शेगडी पेटते. चोरीच्या भीतीने रात्री शटरला बाहेरून कुलूप लागते, खिडक्यांना जाळ्या असतात. धूर नेहमी वर चढतो. खाली कागद धुमसायला लागला की पहिला फटका पोटमाळ्यावर झोपलेल्यांना बसतो, आणि तोही झोपेत.

म्हणून आपल्या परिस्थितीत सर्वांत पहिला नियम कुठल्याही यंत्रसामग्रीविना पाळता येण्यासारखा आहे: ज्या छपराखाली माल, त्या छपराखाली झोप नाही. दुसरा नियम, बाहेर पडायच्या दोन वाटा, एकमेकींपासून दूर, आणि आतून विनाकुलूप उघडणाऱ्या. भोईगुड्याला यातला एक जरी पाळला गेला असता तरी मृतांचा आकडा इतका झाला नसता. नुकसानभरपाई नंतर जाहीर होते. दुसरा जिना बांधायला त्या मानाने फार थोडा पैसा लागतो.

देवनार ते कुदळवाडी

कचऱ्याच्या आगींची महाराष्ट्राला ओळख आहे ती मुख्यतः डेपोंमुळे. जानेवारी 2016 च्या अखेरीस मुंबईच्या देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. महापालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर महिन्याभरात मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकामांवर निर्बंध घातले, कारण त्यांचा कचरा टाकायला जागा आणि व्यवस्था नव्हती. मार्च 2023 मध्ये कोचीजवळच्या ब्रह्मपुरम इथे प्लास्टिकचा साचलेला कचरा पेटला आणि आग विझायला जवळपास दोन आठवडे लागले. अग्निशमन दलाच्या मदतीला नौदल आणि हवाई दल आले. तिथेही पाणी मारणे पुरेसे ठरले नाही. यंत्रांनी ढीग उकरून थरामागून थर भिजवावा लागला. राष्ट्रीय हरित लवादाने कोची महापालिकेला 100 कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

डेपो पेटतो तेव्हा शहराला कळते. पण तोच कचरा डेपोत जाऊ नये म्हणून रात्रंदिवस राबणाऱ्या गोदामांची, गाळ्यांची आग एका दिवसाची बातमी होऊन विरते. मुंबईत मानखुर्दच्या मंडाळा भागातल्या भंगार गोदामांना फेब्रुवारी 2021 मध्ये मोठी आग लागली. साकीनाका, कुर्ला इथल्या भंगार वस्त्यांतही बंब जाणे नवे नाही. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीजवळची कुदळवाडी म्हणजे भंगाराच्या गोदामांचे मोठे आगर. तिथेही आगी लागत राहिल्या, डिसेंबर 2024 मध्ये गोदामे जळून खाक झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली.

पाडकामाने ती जागा मोकळी झाली, पण शहराचे भंगार निर्माण व्हायचे थांबले नाही. पुठ्ठ्याचे खोके, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या रोज निघतच राहतात आणि कुठेतरी त्यांची छाननी होतेच. जागा हक्काची नसेल तर मालक पक्की भिंत बांधत नाही, वायरिंगवर खर्च करत नाही, पाण्याची टाकी उभारत नाही, कारण उद्या इथे असू की नाही याची त्याला खात्री नसते. विमा कंपनीही अशा ठिकाणी पाऊल टाकत नाही. या व्यवसायाला शहराच्या विकास आराखड्यात हक्काची, रुंद रस्त्याची, पाण्याची सोय असलेली जागा देणे हा अग्निसुरक्षेचाच भाग आहे. त्याशिवाय नियमांची अपेक्षा धरणे फोल ठरते.

कायदा मात्र आपल्याकडे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगीपासून बचावाची साधने बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर आहे. साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, सादर करायचे असते. गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना हा नमुना परिचयाचा आहे. रद्दीच्या गोदामापर्यंत तो क्वचितच पोचतो, कारण गोदामच बहुतेकदा नोंदीबाहेर असते.

लहान गोदामवाल्याला परदेशी थर्मल कॅमेरे आणि आपोआप चालणारे फवारे परवडणार नाहीत. तरीही त्याच्या आवाक्यातले बरेच काही आहे. जमिनीवर पिवळ्या रंगाने मालाची हद्द आणि वाट आखणे. वाटेवर एकही गठ्ठा न ठेवणे. मुख्य स्विच दाराजवळ ठेवून रात्री तो बंद करणे. वेल्डिंग आणि कटिंग मालापासून दूर करणे आणि काम संपल्यावर किमान तासभर एक माणूस तिथे थांबवणे. यंत्राखालची धूळ रोज झाडणे. आलेला माल दिवसअखेरीस तसाच मोठ्या ढिगात न लोटता आधी पसरून पाहणे. बंद करण्यापूर्वी हाताने आणि नाकाने तपासणीचा एक फेरा मारणे. अग्निशामक नळकांडी भिंतीवर टांगलेली असतात, पण ती चालवायची कशी हे किती कामगारांना दाखवले आहे, हे विचारायला हवे. आणि आग हाताबाहेर जाते आहे असे दिसताच माल वाचवायचा नाद सोडून बाहेर पडायचे, ही सूचना मालकाने स्वतःच्या तोंडाने द्यायला हवी. नाहीतर कामगार नोकरीच्या भीतीने जळत्या गठ्ठ्याशी झुंजत राहतो.

घरातल्या डब्यापासून

या साखळीचे पहिले टोक घरात आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये ओला आणि सुका यांखेरीज घरातला घातक कचरा तिसरा धरला होता. वापरलेल्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे त्यात येत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे आणि त्या परत गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नियम कागदावर नेमके आहेत. गल्लीतल्या किती दुकानांत जुनी बॅटरी परत घेणारा डबा दिसतो, यावर त्यांचे यश मोजावे लागेल.

पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. 2008 पासून ‘स्वच्छ’चे सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरी कचरा गोळा करतात. या हजारो कष्टकऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्या हातातून रोज शहराचा सुका कचरा जातो. फुगलेली बॅटरी, सुई, फुटलेली काच या साऱ्यांशी पहिली गाठ त्यांच्या बोटांची पडते. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम त्यांनीच शहराला शिकवली. बॅटऱ्यांसाठीही असेच करता येईल. जुना मोबाइल, पॉवर बँक, खेळणे सुक्या कचऱ्यात न टाकता बाजूला ठेवायचे. बॅटरी निघत असेल तर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावायची. फुगलेली असेल तर तिला टोचायचे नाही, दाबायचे नाही, कागदापासून लांब ठेवायचे. आणि कचरा घ्यायला आलेल्या ताईंच्या हातात ती वेगळी देऊन, ती काय आहे ते सांगायचे.

1 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या शहरी टप्प्यात गावोगावच्या नगरपालिकांना सुक्या कचऱ्याची वर्गीकरण केंद्रे उभारायला निधी मिळू लागला. अनेक ठिकाणी त्यांचे नकाशे आजही तयार होत आहेत. नकाशावर दोन ढिगांमध्ये 6 मीटर सोडायला, पाण्याची टाकी दाखवायला, कामगारांची विश्रांतीची खोली मालापासून वेगळी काढायला आणि दुसरे दार आखायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. एकदा यंत्रे बसली, शेड भरली आणि गाड्यांची रांग लागली की यातली एकेक गोष्ट मिळवायला वर्षे जातात. निविदा काढण्यापूर्वी अग्निशमन अधिकाऱ्याची सही आणि केंद्रात काम करणाऱ्यांचे म्हणणे, दोन्ही त्या नकाशावर घेण्याचा ठराव प्रत्येक नगरपालिकेला आजच्या सभेतही करता येईल.